ताईच्या गाडीचे बारा सेल

बॅटरीला काय, अधूनमधून पाणी घातलं की झालं, असं म्हणणारे ट्रकवाले मला आयुष्यभर भेटले आणि त्या सगळ्यांना मी दुकानाच्या पायरीवर उभं करून फैलावर घेतलं. महाडला नाक्यावर माझं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. कशेडीचा घाट चढून आलेले आणि चढायला निघालेले ट्रक माझ्या दारात थांबत. माझ्या एकाही पँटला ॲसिडची भोकं नाहीत असं कधी झालं नाही, आणि माझ्या तोंडून कोणी सरळ उत्तर ऐकलंय असंही फारसं झालं नाही. पण माझ्या हातची बॅटरी फसत नाही, असं लोक म्हणत आणि मी ते खरं मानत होतो. बॅटरीच्या बाबतीत मला कोणी शिकवायचं काम नाही, हा माझा तोरा होता. तो कसा उतरला ते सांगायला बसलोय.

माझी ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. वरंधच्या वर डोंगरातल्या एका वाडीवर ती शिक्षिका होती. आमच्या घरातली पहिली शिकलेली. वडील लवकर गेले, आईने लोकांच्या शेतात लावणी-कापणी करून तिला शिकवलं. आईच्या लहानपणी आमच्या माणसांना पाणवठ्यावर पाण्याला हात लावायची सोय नव्हती. कोणी वरून ओतेल ते ओंजळीत घ्यायचं आणि प्यायचं. त्याच आईच्या लेकीला पुढे वाडीवरचे म्हातारे गुराखीसुद्धा ‘बाई’ म्हणत आणि वाट सोडून उभे राहत. आई कधी कधी नुसतं ते बघायला वाडीवर जाऊन यायची. चार तासांची चढउतार, आणि तिथे जाऊन करायची काय, तर शाळेच्या दाराबाहेर बसून मुलांचे पाढे ऐकायची.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. एका भाद्रपदात वाडीवरून उतरताना निसरड्या पाऊलवाटेवर ताईचा पाय सरकला आणि ती खालच्या बांधावर पाठीवर आपटली. मुंबईच्या इस्पितळात चार महिने काढले. कंबरेखालचं सगळं गेलं ते गेलंच. पोलादपूरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात ती खिडकीशी पडून असायची आणि भेटायला येणाऱ्यांना स्वतःच धीर द्यायची. माणसं गेली की भिंतीकडे तोंड फिरवायची.

शिक्षण खात्याचे एक साहेब घरी आले. साहेब वाईट नव्हते, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे, कारण वाईट असते तर सोपं झालं असतं. ते म्हणाले, “बाई, तुमची बदली इथल्याच गावातल्या शाळेत करून घेतो. वर्ग तळमजल्यावर देतो. पण शाळेत तुमचं तुम्हाला येता आलं पाहिजे. रोज कोण उचलून आणणार? जूनपासून दिवाळीपर्यंत बघू. जमलं तर नोकरी कायम. नाही जमलं तर प्रकृतीच्या कारणावरून मोकळं करण्यावाचून माझ्या हातात काही नाही.”

घरापासून शाळा जेमतेम मैलभर. पण मधे दवाखान्याचा चढ. हाताने चाकं फिरवायची खुर्ची होती तिच्याकडे, ती त्या चढावर अर्ध्यातून मागे यायची. आम्ही दोनदा करून पाहिलं. दुसऱ्या वेळी ताई म्हणाली, “मला पोत्यासारखं ढकलत नेऊ नकोस रे. मुलं बघतात.”

तेव्हा माझ्या डोक्यात बॅटरीवरच्या गाडीचं आलं. त्याच सुमारास खोपोलीकडच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातलं सामान भंगारात निघालं होतं. त्यात मालाची ने-आण करणारी एक बॅटरीगाडी होती. आवाज नाही, धूर नाही, सपाट फळीची बुटकी गाडी. मी तिची मोटर, साखळी आणि स्विच काढून आणले. महाडच्या एका वेल्डिंगवाल्या दोस्ताने लोखंडी अँगलचा सांगाडा केला, त्याला स्कूटरची तीन चाकं लावली, पुढे हँडल, बाजूला हातानेच ओढायचा ब्रेक. खुर्चीच्या खाली बॅटऱ्यांची पेटी.

सगळ्या नाक्याने मला सल्ला दिला की ट्रकच्या दोन नव्याकोऱ्या बॅटऱ्या टाक आणि मोकळा हो. अडाणी सगळे. ट्रकच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात. तिचं काम क्षणभराचं. इंजिन चालू करताना एकदम जोर काढायचा, मग डायनॅमो तिला लगेच भरून देतो. ती कधी रिकामी होतच नाही. रोज सकाळी भरायची आणि दुपारपर्यंत पार खाली करायची, असं केलं तर ट्रकची बॅटरी चार-सहा महिन्यांत मान टाकते. गाडी ओढायला लागतात जाड प्लेटांचे सेल. ते जड, कुरूप, पण रोज उपाशी राहून रोज जेवायची त्यांना सवय असते. त्या भंगारात असे छत्तीस सेल पडले होते.

ते छत्तीसच्या छत्तीस मी दुकानात आणले. तीन दिवस सगळे एका रांगेत जोडून सावकाश भरले. मग दोन दिवस नुसते ठेवून दिले. मग हायड्रोमीटरने, म्हणजे वर रबरी फुगा असलेल्या काचेच्या नळीने, प्रत्येकातलं ॲसिड ओढून आतल्या तरंगत्या काट्यावर त्याचा दाटपणा मोजला. ठेवून दिल्यावर ज्याचा काटा उतरला तो बाद. ज्याच्या तळाशी गाळ साठला होता तो बाद. दिवा लावल्यावर जो आधी दमला तो बाद. असे गाळत गाळत बारा उरले. त्या बारांवर मी खडूने आकडे टाकले. पुढे स्वतःचं लग्न ठरवतानाही मी एवढी चौकशी केली नाही. ते बारा सेल चांगले होते. हे वाक्य मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितोय.

जूनमध्ये शाळा उघडली आणि ताई शाळेत गेली. एकटी. मागे मी आणि आई, चांगली पन्नास पावलं अंतर ठेवून, कारण तिने तशी ताकीदच दिली होती. दवाखान्याच्या चढावर गाडीचा वेग मंदावला, मोटर घुमली, आणि गाडी वर गेली. वर पोचल्यावर तिने मागे वळून पाहिलं नाही. नुसता एक हात वर केला. आई रस्त्यातच मटकन खाली बसली आणि पदर डोळ्यांना लावला. माझीही तीच गत होती, पण मी साखळीला तेल कमी पडतंय असं काहीतरी बरळलो.

आता सेलच्या देखभालीचं बघायला हवं होतं. माझं दुकान महाडला, घर पोलादपूरला. पावसाळ्यात दमट हवेने ट्रकांच्या बॅटऱ्या धडाधड बसत, त्यामुळे दुकानातून पाय निघत नसे. मी दुकानाच्या पोटमाळ्यावरच राहायचो आणि दोन-तीन आठवड्यांनी घरी यायचो. म्हणून मी आईला शिकवलं. शाळेतून गाडी आली की चार्जर कसा लावायचा, सेलांची बुचं कधी काढायची, नळीने ॲसिड ओढून काटा तांबड्या खुणेपर्यंत तरंगतोय का ते कसं बघायचं, आणि पाणी कसं घालायचं. चार्जिंगमध्ये पाणी उडून जातं, दर आठवड्याला ते भरावं लागतं, आणि ते साधं चालत नाही. विहिरीचं नाही, नळाचं नाही. मुंबईहून येणारं डिस्टिल्ड वॉटर आमच्याकडे कधी यायचं, कधी नाही. म्हणून महाडचे आम्ही बॅटरीवाले पावसाचं पाणी धरायचो. त्याची एक पद्धत होती. पागोळीचं घ्यायचं नाही, पत्र्यावरून आलेलं तर मुळीच नाही. मोकळ्या जागेत चिनी मातीची बरणी ठेवायची, तोंडाला मलमल बांधायची, आणि सरळ आभाळातून पडेल तेवढंच घ्यायचं. मी घरामागच्या परड्यात तशी बरणी ठेवून दिली. आईला म्हटलं, “ह्यातलंच पाणी. दुसरं कुठलंही नाही.”

“आणि दुसरं घातलं तर?”

“तर बॅटरी मरेल,” मी म्हणालो.

का मरेल ते मी सांगितलं नाही. तिला काय कळणार, असं मला वाटलं. लोखंड, तांबं असल्या धातूचा अंश पाण्यातून आत गेला की सेल आतल्या आत स्वतःला खात बसतो, हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. त्या दोन वाक्यांचा आळस मला किती महागात पडला, ते माझं मला माहीत.

आईने ते काम असं केलं की तसं माझ्या दुकानात कधी झालं नाही. पहाटे अंघोळ करून ती पेटीशी बसायची. ॲसिडचे थेंब उडून तिच्या लुगड्याला भोकं पडली, तेही तिने मला सांगितलं नाही, मी मागाहून बघितली. लाकडी काठीवर तिने बारा सेलांच्या बारा खाचा केल्या होत्या. जुलै गेला, ऑगस्ट गेला. ताईच्या वर्गातली मुलं चढाच्या वर तिची वाट बघत उभी राहू लागली. बाजारात लोक ‘बाईंची मोटार’ म्हणू लागले. ताई जेवायला लागली. रात्रीची वह्या तपासताना गुणगुणायला लागली.

सप्टेंबरात गाडी कुरकुरायला लागली. आधी चढावर फारच मंद, मग एक दिवस चढाच्या मध्यावर थांबली. दोन हमालांनी ताईला खुर्चीसकट उचलून शाळेत नेलं. मी निरोप मिळताच आलो. सेल मोजले. पाण्याची पातळी बोटभर चुकलेली नाही, काटा तांबड्या खुणेवर. नुकतंच चार्जिंग उतरवलेलं होतं. भरल्या भरल्या मोजलं की सगळ्याच बॅटऱ्या चांगल्या दिसतात. ठेवून देऊन मोजावं लागतं, हे मी दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला ओरडून सांगायचो. त्या दिवशी मला महाडची शेवटची एस.टी. गाठायची होती. मी भरल्या भरल्या मोजलं आणि म्हटलं, सेल उत्तम आहेत, गाडी चालवणारीची चूक.

ताईला म्हणालो, “तू ब्रेक ओढून ठेवून चालवतेस.”

“नाही रे.”

“मग काय सेल माझे खोटे?”

 त्यानंतर ती दोन्ही हात हँडलवर ठेवून, ब्रेकला बोटसुद्धा न लावता, उतारावरही जीव मुठीत धरून चालवायची, हे मला शेजारणीने सांगितलं. मी कधी साखळी बदलली, कधी चार्जरवर आळ घेतला, कधी वीज मंडळाच्या नावाने खडे फोडले. गाडी दर आठवड्याला थोडी अलीकडे थांबत होती. सप्टेंबर संपता संपता ती चढाच्या पायथ्यालाच थांबायला लागली. मुलं खाली उतरून गाडी ढकलू लागली, आणि ज्या गोष्टीची ताईला सगळ्यात लाज वाटायची, तीच रोजची झाली.

शेवटी मी दुकान बंद ठेवून चार दिवस घरी राहिलो. राहिलो म्हणून दिसलं. सकाळी आई पेटीशी बसली. शेजारी तिची तांब्याची कळशी. तिने कळशीत पंचपात्र बुडवलं आणि पहिल्या सेलात पाणी ओतलं.

“आई, बरणी कुठाय?”

“बरणीतलं पाणी सडत होतं रे. आत किडे वळवळायला लागले. असलं पाणी बायच्या गाडीला कसं घालू? मग मी काय करते, बरणी भरली की गाळून कळशीत ठेवते. तांब्यात पाणी मरत नाय. महिना राहू दे, ताजं.”

“कधीपासून?”

“जुलै लागल्यापासून. नायतर काय.”

मग तिने हायड्रोमीटरची नळी सेलातून काढली आणि कळशीतच खळबळून धुतली, पाणी वाया जाऊ नये म्हणून. नळीतला ॲसिडचा अंश कळशीत गेला. मी उठून कळशीत डोकावलो. चिंच लावून घासल्यासारखी ती आतून लख्ख, गुलाबी झाली होती. तीन महिने ॲसिडचा एकेक थेंब तांबं खात होता आणि ते तांबं दर आठवड्याला, पंचपात्राने मोजून, बारा सेलांमध्ये जात होतं.

ती कळशी आईने तिच्या पहिल्या स्वतःच्या कमाईतून घेतलेली. घरात पाहुणा आला की त्यातलं पाणी द्यायची. जिला एके काळी भांड्याला शिवू दिलं नाही, तिच्यासाठी त्या कळशीतल्या पाण्याहून चोख पाणी जगात नव्हतं, आणि लेकीच्या गाडीला तिने जगातलं सगळ्यात चोख पाणी घातलं होतं.

“काय झालं रे?” आई म्हणाली. “पाणी बराबर हाय ना?”

मी म्हणालो, “बरोबर आहे.”

मी सेल महाडला नेले. ॲसिड ओतून टाकलं, धुतले, नवं ॲसिड भरलं, सावकाश चार्ज केले, पुन्हा ओतले, पुन्हा धुतले. दोन आठवडे दुसरं काम हातात घेतलं नाही. ठेवून देऊन मोजलं. एका रात्रीत काटा उतरायचा. आतल्या आत रोज रिकामे होऊन होऊन प्लेटा पांढऱ्या पडल्या होत्या, त्यावर इलाज नसतो. तशा जाड प्लेटांचे सेल मिळतात का म्हणून मुंबईला माणूस पाठवला. मागणी नोंदवा, वर्षभराने बघू, असं उत्तर आलं. नव्यांना पैसे उरले नव्हते, म्हणून नाइलाजाने ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या बसवल्या, ज्यांच्यासाठी मी सगळ्या नाक्याला अडाणी म्हटलं होतं. मोटरने त्यांचं पाणी आठ दिवसांत जोखलं. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी साहेब शाळेत आले तेव्हा ताई चढाच्या मध्यावर होती. गाडी बंद. चार मुलं मागून ढकलत होती आणि साहेब वरून बघत उभे होते. ते खाली आले, त्यांनीही गाडीला हात लावला आणि वरपर्यंत ढकलली. मी म्हटलं ना, साहेब वाईट नव्हते.

दिवाळीनंतर कागद आला. प्रकृतीच्या कारणावरून सेवेतून मुक्त.

त्या दिवशी ताईने कागद दोनदा वाचला. मग तिने विचारलं, “सेलना झालं काय होतं नेमकं?” आई चुलीपाशी होती. तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला समजलं की तिला कुठेतरी शंका आहे, आणि ती शंका खरी ठरली तर आई संपेल.

मी म्हणालो, “जुनेच होते. भंगारातले. निवडले तेव्हाच अर्धे गेलेले होते.”

“तुला ठाऊक होतं?”

“हो.”

ताई म्हणाली, “ठाऊक होतं, आणि मला चढावर पाठवलंस. वर ब्रेक मी ओढते म्हणालास.”

आईने सुटकेचा श्वास सोडला, तो मला ऐकू आला. “जाऊ दे गो,” ती म्हणाली, “त्याच्याकडून झालं. भाऊ हाय तुझा.”

ताईने त्यानंतर माझ्याशी भांडण केलं नाही. बोलणं ठेवलं, पण माझ्याकडून काही घ्यायचं बंद केलं. मी नवी खुर्ची आणली तर ती आईला म्हणाली, “त्याला सांग, राहू दे.” मुलं शिकवणीला येतील, घरीच वर्ग घे, असं सगळे म्हणाले. थोडे दिवस तिने घेतला. मग एकदा खिडकी लावून घेतली ती परत उघडली नाही. आणखी चार पावसाळे ती जगली. डॉक्टरांनी मूत्रपिंडाचं कारण लिहिलं. आई असेपर्यंत खरं सांगायचं नाही आणि आईनंतर ताईला सगळं सांगायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. ताई आईच्या आधी गेली. हा हिशेब मी केलाच नव्हता.

दहाव्याला घर माणसांनी भरलेलं. वरंधच्या वाडीवरची माणसंही आली होती, बाईंसाठी, एवढं उतरून. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने आईला विचारलं, बाई शाळेत जायला लागल्या होत्या ना, गाडीवरून? मग मध्येच काय झालं? आईने पदराने तोंड पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “काय सांगू दादा. माझी बाय आज शाळेत असती. ह्या लेकानं गाडीत भंगारातले सेल घातले. जाणूनबुजून. मी रोज पाण्याची काळजी घेतली, एक दिवस चुकले नाय. पण मुळातच खराब, तिथं मी काय करणार?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला आईचा विलक्षण राग आला. दोन वाक्यं पुरली असती. तीच दोन, जी मी तिला त्या जूनमध्ये सांगितली नव्हती. आईचे डोळे माझ्यावर होते, रडून रडून लाल झालेले, आणि त्यात शंकेचा मागमूसही उरला नव्हता.

मी म्हणालो, “हो. माझंच चुकलं.”